ताईत म्हणजे राखण
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



दर महिन्याच्या बैठकीत एकीने उभे राहून काही नवी माहिती सांगावी, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे पंडितांचा विषय मी घेतला म्हणून कुणी हसू नये. इंग्रजी पुस्तके माझ्या मुलीने वाचून समजावून दिली, आणि त्यातले जे आपणां बायकांच्या मनाला भिडेल तेवढेच मी निवडून आणले आहे. विषय आहे प्राचीन इजिप्तमधील ताईत आणि त्यांचा अर्थ.

इजिप्त म्हटले की आपल्याला पिरॅमिड आठवतात आणि ममी आठवते. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या वेळेपासून एक ममी आहे, ती आपल्यापैकी काहीजणींनी पाहिलीही असेल. ममीभोवतीच्या तागाच्या पट्ट्या विद्वानांनी उलगडल्या, तेव्हा पुष्कळदा पट्ट्यांच्या थरांत लहान लहान वस्तू ठेवलेल्या आढळल्या. एखादा डोळा, एखादा किडा, एखादी गाठ, एखादा छोटासा खांब. बोटाच्या पेराएवढ्या या वस्तू म्हणजेच ताईत. परंतु ताईत मेलेल्यांसाठीच होते असे मात्र समजू नका. जिवंत माणसेही ते गळ्यात, मनगटात, केसांत घालीत, आणि सगळ्यांत जास्त घालीत त्या बायका आणि मुले.

प्रथम शब्द पाहू. त्या लोकांच्या भाषेत ताइताला चार शब्द होते: मेकेत, नेहेत, सा आणि वेजा. पहिल्या तिन्हींचा अर्थ राखणे, सांभाळणे असाच होतो; चौथा शब्द, धड असणे, सुखरूप असणे, या अर्थाच्या शब्दासारखाच उच्चारला जाई. त्यातल्या ‘सा’ या शब्दाचे चित्र मोठे बोलके आहे. गुरे राखणारा माणूस पाठीवर घेऊन हिंडतो ती गुंडाळलेली लव्हाळ्याची चटई, असे ते चित्र असावे असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. उन्हातान्हात, उघड्या रानात अंगावर तेवढाच आडोसा. ताईत म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. ताईत म्हणजे राखण.

राखण कशापासून? तो देश म्हणजे नाईल नदीच्या दोन्ही काठांची हिरवी पट्टी आणि पलीकडे वाळवंट. नदीत मगरी आणि पाणघोडे, वाळूत साप आणि विंचू. घरे कच्च्या विटांची, भिंत केव्हा कोसळेल याचा नेम नाही. त्यात बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, आणि जन्मलेले मूल हाताशी येईल याची खात्री कुणालाच नसे. इसवी सनापूर्वी 4000 वर्षांच्याही आधीच्या थडग्यांत हरणाचे आणि पाणघोड्याचे लहान लहान ताईत सापडले आहेत. म्हणजे पिरॅमिड बांधले गेले त्याच्या हजार-दीड हजार वर्षे आधीपासून तिथे ताईत घातले जात होते.

फ्लिंडर्स पीट्री नावाच्या इंग्रज विद्वानाने आयुष्याची कितीतरी वर्षे त्या देशात खणण्यात घालविली. त्यांनी 1914 साली ताइतांवरच एक ग्रंथ लिहिला आणि त्यात 275 प्रकार वर्णन केले. एवढे प्रकार कशाला? कारण प्रत्येक ताइताचे काम ठरलेले होते, आणि ते काम आकार, रंग आणि पदार्थ या तिघांवर अवलंबून असे.

रंगाचेच पाहा. हिरवा रंग म्हणजे नव्याने फुटलेला पाला, म्हणून तो टवटवी आणि बरे होणे यांचा. तांबडा अकीक म्हणजे रक्त, म्हणजे जीव. गडद निळा लाजवर्द थेट अफगाणिस्तानातून येई. तो रात्रीच्या आकाशाचा रंग. सोने तर देवांचे मांसच मानीत, कारण ते कधी गंजत नाही. आता सोने आणि लाजवर्द गरिबाला कुठून परवडणार? त्यांच्यासाठी फायन्स होते. वाळूची बारीक पूड, थोडा खार, थोडा चुना आणि किंचित तांबे असे एकत्र कालवून, साच्यात दाबून भट्टीत भाजले की वर निळीहिरवी चकाकी येते. तिथल्या भाषेत या पदार्थाला ‘चमकणारे’ अशा अर्थाचे नाव होते. अमार्ना येथे पीट्रींना 1891–92 च्या खोदकामात असे मातीचे साचे हजारोंनी सापडले. म्हणजे राजाच्या गळ्यातला डोळा सोन्याचा, आणि मजुराच्या मुलाच्या गळ्यातला भाजलेल्या वाळूचा. डोळा मात्र तोच.

हा डोळा म्हणजे होरस देवाचा. होरसाचे आणि त्याचा चुलता सेथ याचे भांडण झाले, त्यात सेथाने होरसाचा डोळा फोडला. मग विद्येचा देव थोथ याने तो पुन्हा नीट केला. या डोळ्याचे नाव ‘वेजात’, म्हणजे धड झालेला. मला यात एक गोष्ट फार आवडली. हा कधीच इजा न झालेला डोळा नाही. तो फुटलेला होता आणि बरा झाला, म्हणूनच त्याच्यात राखण करण्याचे बळ आले अशी त्यांची समजूत. आजारातून उठणाऱ्या मुलाच्या गळ्यात असा डोळा बांधताना त्या आईच्या मनात काय असेल, ते वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रसिद्ध ताईत शेणकिड्याचा. शेणाचा गोळा ढकलीत नेणारा तो काळा किडा आपण सर्वांनीच पाहिला आहे. आपण त्याच्याकडे पाहून नाक मुरडतो. त्या लोकांनी मात्र पाहिले की याच गोळ्यातून नवा किडा बाहेर पडतो. सूर्याचा गोळाही असाच रोज कुणीतरी ढकलीत आणतो आणि रोज नवा जन्म घेतो, असे त्यांच्या मनात आले. त्यांच्या भाषेत या किड्याचे नाव आणि ‘होणे, घडणे’ हे क्रियापद एकाच चिन्हाने लिहीत. शेणात राबणाऱ्या जिवाला त्यांनी उगवत्या सूर्याचा मान दिला. रोज चूल, शेणगोठा करणाऱ्या बायकांना हे ऐकून बरे वाटेल.

आता खास आपल्या विषयाकडे वळते.

गरोदर बाईची राखण करणारी देवता होती तावेरेत. तिचे नाव म्हणजे ‘थोरली’. तिचे रूप सुंदर मुळीच नाही. अंग पाणघोडीचे, पोट पुढे आलेले, स्तन ओघळलेले, पंजे सिंहाचे, पाठ मगरीची. पाणघोडी आपल्या पिलाजवळ कुणाला येऊ देत नाही, हे नदीकाठच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले होते. ज्या जनावराची धास्ती, त्यालाच त्यांनी आपल्या दाराशी पहाऱ्याला बसविले. तावेरेतचा पंजा बहुधा त्या ‘सा’ चिन्हावर, म्हणजे राखणीच्या चटईवर टेकलेला असतो. तिच्या जोडीला बेस. तो बुटका, फेंगड्या पायांचा, आयाळवाला, जीभ बाहेर काढलेला. इतर देव चित्रांत एका बाजूने दिसतात; हा मात्र सरळ आपल्याकडे तोंड करून उभा असतो. पलंगावर, उशाच्या टेकूवर, आरशाच्या मुठीवर त्याला कोरीत. जिथे बाईमाणूस आणि लेकरू झोपते तिथे तो हजर.

इसवी सनापूर्वी सुमारे 1900 ते 1650 या काळातल्या काही वाकड्या पट्ट्या सापडल्या आहेत. त्या पाणघोड्याचा दात उभा चिरून केलेल्या. त्यांवर सिंह, बेडूक, साप, तावेरेत अशी राखणदारांची रांग कोरलेली आहे, आणि काहींवर बाळाचे किंवा आईचे नाव. आईच्या नावाआधी ‘नेबेत पेर’ अशी पदवी येते. तिचा अर्थ घरधनीण. भगिनींनो, साडेतीन हजार वर्षांपलीकडच्या त्या हस्तिदंतासारख्या पट्टीवर आपलीच पदवी लिहिलेली आहे. काही पट्ट्यांची टोके झिजलेली आहेत. त्यांनी बाळंतिणीच्या खाटेभोवती जमिनीवर रेघ ओढीत असावेत, असे विद्वान म्हणतात.

बाळंतीण त्या काळी विटांवर उकिडवी बसे. अशा विटांचे वर्णन पोथ्यांत होते, पण वीट कुणी पाहिली नव्हती. 2001 साली अबिडोस येथे, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मंडळींना एका नगरप्रमुखाच्या वाड्याच्या अवशेषांत अशी एक रंगविलेली वीट सापडली. सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर नुकत्याच जन्मलेल्या मुलाला हातात घेतलेली आई आहे, आणि तिच्या मागेपुढे बायका. आईचे केस निळे रंगविले आहेत, आणि निळे केस हे देवांचे लक्षण. त्या घटकेला बाई देवीच्या बरोबरीची, असे त्यांनी मानले.

मूल चालू लागले की भीती पाण्याची. म्हणून लहान मुलींच्या वेणीच्या टोकाला माशाच्या आकाराचा ताईत अडकवीत. मासा बुडत नाही, तशी ही बुडू नये. या ताइताची एक गोष्ट बर्लिनच्या संग्रहालयातल्या एका जुन्या पपायरसमध्ये आहे. स्नेफ्रू राजाला करमेना, म्हणून वीस तरुणी त्याची नाव वल्हवायला बसल्या. वल्हविता वल्हविता पुढच्या मुलीचा पिरोजाचा मासा पाण्यात पडला. ती वल्हवायची थांबली, तिच्या बाजूच्या सगळ्याच थांबल्या. राजा म्हणाला की मी तुला दुसरा देतो. मुलगी ऐकेना, तिला तिचाच हवा होता. शेवटी राजाच्या मांत्रिकाने मंत्र म्हणून तळ्याचे अर्धे पाणी उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवले. 12 हात खोल पाणी 24 हात झाले, आणि तळाशी एका खापरीवर मासा सापडला. राजाने देऊ केलेला नवा दागिना नाकारणारी ती मुलगी मला फार शहाणी वाटते. आईने वेणीत बांधलेल्या माशाची भरपाई राजाच्या खजिन्यातून कशी व्हावी?

बर्लिनलाच आणखी एक पपायरस आहे, त्यात केवळ आई आणि मूल यांच्यासाठीचे मंत्र आहेत. तो इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या सुमाराचा. एका मंत्रात अंधारातून चोरपावलांनी येणाऱ्या भुताला दटावले आहे. त्याचे तोंड मागे वळलेले आहे, ते बाळाचा मुका घ्यायला आले आहे, आणि बोलणारी त्याला बाळाजवळ फिरकू देत नाही. उग्र वासाची वनस्पती, मध अशा घरातल्याच वस्तूंनी ती बाळाभोवती कडे घालते. मध जित्यांना गोड आणि मेलेल्यांना कडू, असा त्यातला विश्वास. आणखी एका ठिकाणी सोन्याचे मणी, रंगीत खडे आणि एक मुद्रा तलम तागाच्या पट्टीत ओवून बाळाच्या गळ्यात बांधायला सांगितले आहे. गाठ मारणे हे तिथे मोठ्या महत्त्वाचे काम होते. जे बांधले ते सुटत नाही, ही कल्पना.

पुढे इसवी सनापूर्वी 1000 ते 700 च्या सुमारास एक निराळाच प्रकार आला. देवाने दिलेले वचन पपायरसच्या लांब, अरुंद पट्टीवर लिहून घ्यायचे, पट्टीची गुंडाळी करायची, आणि ती नळीत घालून मुलाच्या गळ्यात बांधायची. आपल्याकडची तांब्याची किंवा चांदीची ताइताची पेटी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल. एडवर्ड्स नावाच्या विद्वानांनी 1960 साली हे लेख छापून प्रसिद्ध केले. त्यांत देव म्हणतो की मी हिला सापापासून राखीन, विंचवापासून राखीन, कोसळणाऱ्या भिंतीपासून राखीन, हिचे डोळे राखीन, डोक्यापासून तळपायापर्यंत एकेक अवयव राखीन, प्रवासाला गेली तर सुखरूप परत आणीन. यादी संपता संपत नाही. ही यादी देवाच्या तोंडची असली, तरी ती करणाऱ्याला रात्री झोप नसणार हे मला दिसते. मूल तापाने फणफणले की आपण उशाशी बसून हीच यादी मनात करतो.

आता मेलेल्यांच्या ताइतांकडे येऊ. तुतनखामेन या तरुण राजाचे थडगे 1922 साली हॉवर्ड कार्टर यांना सापडले, आणि 1925 साली ममी उलगडली तेव्हा तिच्या पट्ट्यांत 143 वस्तू मिळाल्या. दागिने आणि ताईत. अशा ताइतांत मानेशी ‘जेद’ नावाचा खांब असे. तो ओसिरिस देवाचा कणा, मेलेल्याला पुन्हा ताठ उभे करणारा. ‘तियेत’ म्हणजे आयसिस देवीची गाठ. ती तांबड्या दगडाची, कारण ते आयसिसचे रक्त. नवऱ्याचे तुकडे गोळा करून त्याला जिवंत करणारी आणि लेकराला लव्हाळ्यात लपवून वाढविणारी ती देवी. कापडाची गाठ हाच तिचा ताईत, हेही बाईला शोभणारेच.

पण सगळ्यांत विचार करायला लावणारा ताईत आहे हृदयाचा किडा. ममी करताना ते मेंदू काढून टाकीत. हृदय मात्र आत राहू देत, कारण माणूस हृदयाने विचार करतो असे ते समजत. मेल्यावर ओसिरिसपुढे न्याय होई. ताजव्याच्या एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. हृदय पिसाच्या तोलाचे भरले नाही, तर मगरीचे तोंड, सिंहाचा पुढचा भाग आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली राक्षसीण ते खाऊन टाकी, आणि मग सगळेच संपले. म्हणून छातीवर हिरव्या दगडाचा किडा ठेवीत. सोबेकेमसाफ राजाचा असा किडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याला माणसाचे तोंड आहे. किड्यावरचा मंत्र आपल्याच हृदयाला विनवितो की, न्यायाच्या वेळी तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

पाहा कशी गोष्ट आहे! मगर, साप, विंचू, भूत या सगळ्यांसाठी ताईत झाले. शेवटचा ताईत स्वतःच्या मनासाठी लागला. बाहेरच्या कुठल्याही शत्रूपेक्षा आपल्याला आतून जे ठाऊक असते त्याची भीती मोठी, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आता तुमच्यापैकी कुणी विचारील की बाई, एवढे ताईत बांधून माणसे वाचली का? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. तुतनखामेनच्याच थडग्यात लाकडाची दोन इवलीशी शवपात्रे होती. त्यांत दोन मुली. एक पाचव्या-सहाव्या महिन्याची, दुसरी दिवस भरत आलेली. दोघीही जन्मतःच गेलेल्या. 2010 साली जाहीर झालेल्या तपासणीवरून त्या त्याच्याच मुली असाव्यात असे दिसते. ज्याच्या अंगावर 143 वस्तू, त्याच्या घरात दोन पाळणे रिकामे राहिले. कारागिरांच्या देर अल-मदिना या गावाजवळ तर टेकडीच्या पायथ्याशी लहान मुलांची वेगळी दफनभूमीच आहे. टोपल्यांत, मडक्यांत ठेवलेली बाळे. ताइताने मरण थांबले नाही. हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

पण त्याबरोबर दुसरेही सांगितले पाहिजे. ते लोक ताईत बांधून हात जोडून स्वस्थ बसत नसत. इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराचा एबर्स पपायरस म्हणून एक वैद्यकाचा ग्रंथ आहे, त्यात 800 हून अधिक औषधे दिली आहेत. आणि त्याच ग्रंथाच्या आरंभी, औषध देताना म्हणायचे मंत्रही आहेत. जखमेवर ते मध बांधीत. मधाने जखम चिघळत नाही, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. औषध एका हातात, ताईत दुसऱ्या हातात.

माझ्या सासूबाई अशाच होत्या. माझ्या थोरल्याला त्यांनी पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करून काळ्या मण्यांची मणगटी बांधली. आणि लस टोचण्याचा दिवस आला तेव्हा, मी पोराच्या रडण्याला भिऊन टाळाटाळ करू लागले, तर त्यांनीच त्याला पदराखाली घेतले आणि भर उन्हात दवाखान्याची वाट धरली. परत आल्यावर म्हणाल्या, मणी माझ्या जिवाला, सुई त्याच्या जिवाला. त्यांचे ते वाक्य मला ही पुस्तके ऐकताना पुन्हा पुन्हा आठवले. कुठला ताईत कुणासाठी असतो, ते त्या एका वाक्यात सांगून गेल्या.

म्हणून मला असे वाटते की, इजिप्तच्या त्या बायकांना आपण अडाणी म्हणून हसू नये, आणि त्यांचे बघून आजारी मुलाला घरी ठेवून नुसता दोराही बांधू नये. त्या ताइतांकडे पाहून शिकायचे ते एवढेच. त्यांनी संकटाकडे डोळे मिटले नाहीत. विंचू होता तर विंचू म्हटले, भिंत होती तर भिंत म्हटले, एकेकाला नाव दिले आणि त्याच्यापुढे एकेक राखणदार उभा केला. त्यांच्या हाती जे होते ते सगळे त्यांनी केले. आपल्या हाती त्यांच्याहून पुष्कळ अधिक आहे. नळाचे पाणी उकळून घेणे, गरोदर सुनेला वेळेवर तपासणीला नेणे, मुलींना पोहायला शिकविणे, ही आजची राखण. आणि ती करणारी घरधनीण अजून तीच आहे.